तैयबच्या पाण्याची हद्द

—नाही साहेब, तुम्ही होडीतच बसा, मोजणीचं यंत्र भिजेल. पाणी गुडघाभरच आहे, मी उतरून होडी धरतो. मबरूकानं हद्द मोजायला बोलावलंय ना तुम्हाला? माझी पुतणी ती. माझ्याशी बोलत नाही, पण पोर गुणाची. इथं केर्केना बेटांवर मासेमारीसाठी समुद्राचेसुद्धा तुकडे वाटलेले असतात, तुमच्या कागदात असेलच — हा माझा, पलीकडचा तिच्या बापाचा, तैयबचा. मधे हे झावळ्यांचं कुंपण. हिवाळ्यात वादळ ते वाहून नेतं, की पुन्हा रोवायचं. कुठे रोवायचं? — मशिदीचा मनोरा आणि आमची उंच खजुरी एका रेषेत येईपर्यंत होडी सरकवायची, बस तिथे.

तीस वर्षं झाली. मी रोवत होतो, तैयब आला. म्हणाला, दादा, चाळीस पावलं माझ्या पाण्यात घुसलास, डोळे गेले का तुझे? मी म्हणालो, बायकोनं पढवून पाठवलं वाटतं. तो हसला — आणि एकेक झावळी उपटून फेकायला लागला. माझ्या हातात झावळ्या ठोकायची मोगरी होती. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. ऑक्टोपस दगडावर आपटताना ओला आवाज येतो ना, तसा आला. पाणी लाल झालं. सगळ्यांना मी सांगितलं, पाय घसरला, डोकं होडीवर आपटलं, बुडाला. — गुडघाभर पाण्यात माणूस बुडतो का? बुडतो. मानेवर कुणी गुडघा रोवला तर बुडतो. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं होतं, साहेब. लहानपणी मी पोहायला शिकवायचो तेव्हा धरायचा, तसंच.

महिन्यानं झावळ्या आणायला बागेत गेलो, तर समोर उंच खजुरीचं बोडकं खोड. शेंडा त्याच वर्षी मीच कापला होता, रस काढायला — मबरूका जन्मली, तिच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला. पाण्यातून बघताना डोळा सवयीनं शेंडाच शोधतो, आणि मी शेजारच्या झाडावर रेष धरली होती. तैयब बरोबर होता. तरी कुंपण मागे घेतलं नाही. दरवर्षी मीच ते इथे रोवलं. मागे घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं ना, का म्हणून?

काय दाखवतंय यंत्र? — राहू द्या, सांगू नका. चाळीस पावलं माझ्याकडे सरका आणि खूण करा. ते पाणी तिचं आहे. बाकीचं बोललो तेही लिहिताय? — लिहा.

आता यंत्र खांद्यावर घ्या आणि उतरा, साहेब. किनारा चालत जाण्याइतकाच आहे. मला या झावळ्या उपटायच्या आहेत, तैयब उपटत होता तशा एकेक, आणि तेव्हा जवळ कुणी नको.