द्रोणागिरीहून आलेला बाण

नाही गं बाई, तुझा सर्व्हेचा लॅपटॉपच चुकतोय — हा विषाणू खाडीपलीकडच्या द्रोणागिरीतला, मान्य, पण अख्ख्या नेरूळमधे आमच्याच घरात कसा येईल? काय म्हणालीस — साथ कशी पसरते त्याचं मॉडेल, कोणाचा कोणाला झाला त्याचे बाण काढतं? काढू दे. आमचं तिकडे कोणी नाही. मी आणि आमचे हे, दोनच माणसं, बास.

...बरं, दार लोट आधी. हे वॉकला गेलेत, येतीलच. लिही — मीच आणला. माझी मुलगी वैदेही राहते तिथे. शोएबशी लग्न केलं म्हणून हे तिचं नाव काढू देत नाहीत. नात झाली, अफशा, चार वर्षांची — यांनी तोंड पाहिलं नाही अजून. मी जाते, दर शुक्रवारी, देवीला जाते म्हणून सांगून — देवी माफ करेल गं, हे नाही करायचे. त्या शुक्रवारी पोरगी तापलेली, नाक गळतंय, तरी गळ्यात पडली — ढकलू तिला? तिचा मला, माझा यांना. यांना ऑक्सिजन लावला ना, तेव्हापासून झोप नाही मला. माझ्या खोटेपणापायी माणूस गेला असता.

नाही? नाही कसं? — हो, यांना ताप माझ्या आधी आला, पण... म्हणजे माझ्याकडून नाहीच? मग यांना कोणी —

थांब. थांब जरा. अफशाच्या हातात कागदी होडी होती. शब्दकोड्याच्या पानाची, चौकोन हिरव्या शाईनं भरलेले. वैदेही म्हणाली, शोएबनं केली. शोएब कशाला कोडी सोडवतोय! रिटायर झाले तरी ऑफिसातलं हिरवं पेन सुटलं नाही यांचं — अगं बाई, आणि मंगळवारचा तो ज्येष्ठ नागरिक कट्टा, दुपारी जातात ते दिवेलागणीला येतात! तोंड पाहिलं नाही म्हणे. आणि मी इथे एकटी जळतेय — राग येतोय गं मला, खूप राग येतोय, आणि रडूही —

लिफ्ट वाजली. मिट तो लॅपटॉप, मिट! यांना काही विचारायचं नाही. बाण काढायचाच तर माझ्याच नावाचा काढ.

अहो, आलात? ही सर्व्हेवाली, निघालीच. चहा टाकते. — अहो, पेपरातलं शब्दकोड्याचं पान दर मंगळवारी जातं कुठे हो?

...काही नाही. बसा तुम्ही. घाम पुसा.

तू जा गं आता.