हॅरॉल्ड मरायला तयार होईना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रेक्टर फेनरसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे मेजर हॅविलंड, आपल्या सगळ्यांच्या बाई मिस ट्रॉटन, आजचे उत्सवमूर्ती मिस्टर एनॉक पिलबीम, समोर बसलेल्या वरच्या आणि खालच्या हॅझलडीनच्या बंधुभगिनींनो, आणि मागे दाराशी उभे राहिलेल्या मंडळींनो! पुढे तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. पण पहिल्या रांगेत आपल्यातलं कुणी बसायचं नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा आग्रह करत नाही.

मला शाळा संपल्यापासून चार माणसांपुढे बोलायची सवय नाही. उत्सवाचा हिशोब आणि चहाचं पिंप, एवढीच माझी कामं. पण आजचा विषयच असा आहे की गप्प बसवत नाही. आपले पिलबीम, म्हणजे आपल्या गावचा राजा हॅरॉल्ड, निवृत्त होतो आहे! मधली युद्धाची वर्षं सोडली, तर दर ऑगस्टच्या सुट्टीच्या सोमवारी हा माणूस आपल्यासाठी टेकडीवर उभा राहिला, डोळ्यात बाण लागून पडला, आणि मंगळवारी सकाळी पुन्हा मेंढरांच्या कुंपणासाठी हेझलच्या ताट्या विणायला बसला. देशासाठी एकदा मरणारे पुष्कळ असतात. दरवर्षी मरणारा दुसरा कुणी तुम्ही पाहिलाय का?

मिस ट्रॉटनबाईंनी हा इतिहासाचा उत्सव सुरू केला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "देशाला वळण लागतं ते अशा प्रसंगांतून. पोरांनी ते पुस्तकात वाचू नयेत, गवतावर पाहावेत." हेस्टिंग्जची लढाई, जॉन राजाची सनद, प्लेगची काळी साथ, स्पेनचं आरमार, राजाचं मुंडकं, बायकांचा मताचा हक्क, एका दुपारी सगळी नऊशे वर्षं आटोपायची, आणि चार वाजता चहा. राजवस्त्रं पडद्यांची, शिरस्त्राणं पातेल्यांची. चिलखतं आम्ही बायकांनी सुतळीची विणली आणि त्यांना चंदेरी रंग दिला. अजून तीच वापरतो. सुतळीला कसर लागत नाही, देवाची कृपा.

पण मला सांगायचं आहे ते पाच वर्षांपूर्वीच्या उत्सवाचं. साखर अजून रेशनवर होती तेव्हाचं. मेजरसाहेबांकडे पाहून घेते... हसताहेत. म्हणजे सांगायला हरकत नाही.

मेजरसाहेब तेव्हा आपल्यात नवे होते. हवेली, कुरण, हेझलचं रान, आणि पिलबीम राहतात ते घरसुद्धा त्यांनी विकत घेतलं होतं. कुरणातून खालच्या वाडीची चर्चला जाणारी पायवाट आहे. त्यांना ती नुसती मळलेली जागा वाटली. घोडी बाहेर पडू नयेत म्हणून त्यांनी फाटकाला साखळी घातली, वर पाटी लावली. आता ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मोठ्या रस्त्याने चढ चढून वळसा घेतला. पण पिलबीमांच्या बायकोचं, हेस्टरचं काय? तिचं कमरेचं हाड निकामी झालेलं. पायवाटेने काठी टेकत ती कशीबशी यायची. फाटक बंद झालं आणि हेस्टरचं चर्च सुटलं. पन्नास वर्षं ज्या बाकावर ती बसली, तो ईस्टरला रिकामा होता. ती स्वयंपाकघरात एकटी स्तोत्रं म्हणायची. मी एकदा दाराबाहेरून ऐकलं आणि आत न जाता परत फिरले.

मग आपण सगळ्यांनी काय केलं? आपण इंग्रज माणसं! शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आधी म्हणणार, आज हवा जरा उबदार आहे नाही? ग्रामसभेत दोन तास चर्चा झाली आणि मेजरसाहेबांना पत्र गेलं, की फाटकात झालेल्या सुधारणेची सभेने आस्थेने नोंद घेतली आहे. त्यांनी उलट टपाली आभार मानले! रेक्टरसाहेबांनी क्षमेवर प्रवचन दिलं. मिसेस एकहर्स्टनी त्यांना जॅमची बाटली पाठवली, पण नेहमीच्या प्लमऐवजी भोपळ्याच्या जॅमची, म्हणजे काय ते त्यांनी समजून घ्यावं. ते कसं समजणार? तोंडावर मात्र कुणी म्हणजे कुणी बोललं नाही.

आला सोमवार. नवे जमीनदार म्हणून हॅरॉल्डला हरवणाऱ्या विल्यमचं काम मेजरसाहेबांना दिलेलं, शिवाय गावात चालता घोडा त्यांचाच. टेकाडावर हॅरॉल्डचे सॅक्सन म्हणजे खालची वाडी, खाली विल्यमचे नॉर्मन म्हणजे वरचं गाव. टेकाडामागेच ते साखळीचं फाटक. हेस्टरला हातगाडीतून आणून पुढे खुर्चीत बसवलेलं. झिमझिम चालू होती. नॉर्मन तीनदा चढून आले, तीनदा परत गेले, सगळं बाईंनी बसवलेलं तसं. मग सिरिल बोनिफेसने, आपल्या खाटकाने, बाण सोडला. बाण बरोबर पिलबीमच्या पायाशी पडला. बाईंनी ढोल वाजवायची खूण केली.

पिलबीम उभेच!

बाईंना वाटलं, विसरले. "मिस्टर पिलबीम," त्या हलकेच म्हणाल्या, "डोळा."

"माहीत आहे, बाई."

मेजरसाहेब घोडा पुढे घेऊन आले. "अहो पिलबीम, पडा ना! लोक खोळंबलेत."

"पडतो की, साहेब. फाटक उघडा, लगेच मरतो."

सभाजनहो, ऐकलंत? राहतं घर ज्याचं, रान ज्याचं, त्या माणसाला पिलबीम हे म्हणाले!

"हा काय तमाशा आहे?" मेजरसाहेब लाल झाले. "बोनिफेस! दुसरा बाण!"

बोनिफेसने धनुष्य गवतावर ठेवलं. "साहेब, माझी आई खालच्या वाडीत राहते. घरी जेवायला बसायचंय मला." आणि तो टेकाड चढून सॅक्सनांत जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा नॉर्मन, तिसरा. खाली विल्यम आणि घोडा, दोघेच उरले.

आणि इतिहास अडला! हॅरॉल्ड मरेना, तर पुढचे कसे येणार? तंबूमागे नऊशे वर्षं रांगेत उभी. जॉन राजा सँडविच खाऊन मोकळा झाला. काळ्या साथीतली पोरं मरून पडायच्या जागी आधीच आडवी झाली आणि दोघं खरंच झोपली. स्पेनचं आरमार ढकलगाड्यांत भिजत होतं. राजाचे सरदार आणि त्याचं मुंडकं उडवणारे एकाच थर्मासमधून चहा पीत होते. एलिझाबेथ राणीची, म्हणजे मिसेस एकहर्स्टची, कागदी झालर ओली होऊन मानेभोवती लोंबली. पण रांग मोडून कुणी पुढे आलं का? एकच अपवाद. मताचा हक्क मागणाऱ्या आमच्या सात बायका, फलक घेऊन, साडेआठशे वर्षं आधीच टेकडीवर चढल्या आणि हॅरॉल्डच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या! फलकावर लिहिलं होतं, 'आम्हाला हक्क हवा.' तेवढं तिथेही चाललं.

मेजरसाहेब घोड्यावरून उतरले. "पण फाटकाचं झालंय काय?" त्यांनी विचारलं, आणि मी शपथेवर सांगते, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पिलबीमनी डोक्यावरचं पातेलं काढलं. "ती खुर्चीत बसलीय ती माझी बायको, हेस्टर. तिला वळशाचा चढ चढवत नाही. तुमची साखळी पडल्यापासून ती चर्चला आलेली नाही. एवढंच."

"एवढंच?" मेजरसाहेब ओरडले. "अहो, मग मला कुणी सांगितलं का नाही?"

सगळं गाव आपापल्या बुटांकडे पाहायला लागलं. रेक्टरसाहेब ढगांकडे. उत्तर पिलबीमनीच दिलं, अगदी अदबीने.

"सांगणारच होतो, साहेब. पण आपली रीतसर ओळख करून दिलेली नव्हती."

मेजरसाहेबांनी हातमोजा काढला. मग पुढे होऊन त्यांनी हात पुढे केला. "हॅविलंड."

"पिलबीम," राजा हॅरॉल्ड म्हणाला. हस्तांदोलन झालं.

"किल्ली हवेलीत आहे," असं म्हणून मेजरसाहेबांनी घोड्यावर उडी टाकली आणि सुसाट निघाले. पोरं नाचायला लागली, "पळाले! नॉर्मन पळाले!" चार सॅक्सन गडी भाले घेऊन मागे धावणार, तोच बाई खुर्चीवर चढून किंचाळल्या, "पाठलाग करू नका! खऱ्या लढाईत सॅक्सनांचं तिथेच तर चुकलं होतं!"

कोणीही पाठलाग केला नाही. साहेब परत येईपर्यंत इंग्लंड सॅक्सनांचं होतं, आणि मी चहा देऊन टाकला. वेळेआधी. साखरेसकट.

साखळी निघाली. हेस्टर काठी टेकत एकटीच फाटकातून पलीकडे गेली. कुणी हात दिला नाही, तिला ते चाललं नसतं. तिने झाडांवरून दिसणाऱ्या चर्चच्या मनोऱ्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि ती वळली. पिलबीम टेकाडावर डोळे पुसत उभे. विसरलेच होते सगळं.

"एनॉक!" ती ओरडली. "मर ना आता! शब्द दिलायस!"

आणि काय मेले, सभाजनहो! असं मरण त्या टेकडीवर आधी झालं नव्हतं. गुडघ्यावर आले, उठले, पुन्हा कोसळले, दोनदा म्हणाले "हाय हाय". बाईंचा ढोलवाला वाजवायचं विसरून टाळ्या पिटत होता. पुढची नऊशे वर्षं आम्ही संधिप्रकाशात धावत उरकली.

मिस ट्रॉटनबाईंची माफी मागून मी एक विचारते. पुस्तकात म्हणतात की अमक्या दिवशी लोकांनी हक्क मिळवले. त्या दिवशी पिलबीम हक्कासाठी उभे होते का? मी त्यांना विचारलं आहे. ते म्हणाले, "नाही हो मिसेस टपेन, हेस्टरची कंबर." मला वाटतं, थोर वळणांच्या मुळाशीसुद्धा अशीच कुणाची तरी कंबर असेल. लिहिणाऱ्यांनी विचारलं नसेल.

त्यानंतर हेस्टर दर रविवारी आपल्या बाकावर होती, अगदी गेल्या हिवाळ्यापर्यंत. आता ती पायवाटेच्या त्या टोकाला आहे, चर्चच्या दफनभूमीतल्या यू झाडाखाली. पिलबीम रोज तिच्याकडे जातात. सोमवारी ते मुलीकडे नॉर्थॅम्प्टनला राहायला चालले आहेत, आणि हे सोडून जाणं त्यांना किती जड आहे ते मला काल कळलं. ते फाटकाला तेल घालत होते. मी म्हटलं, "आता कशाला?" म्हणाले, "मी गेलो की हेस्टरकडे कुणाची चाहूल असायची?"

मिस्टर पिलबीम, सगळ्यांसमोर उत्तर देते. आपल्याकडे वाट चालती राहिली तरच ती वाट राहते, हे लहान पोरही जाणतं. खालच्या वाडीतलं प्रत्येक घर एकेक दिवस वाटून घेईल. रविवारी आम्ही सगळेच तसे जातो. फुलं परसातली असतील, विकतची नव्हे. हेस्टरला उधळपट्टी खपायची नाही. आणि बुधवार मागून घेतला आहे मेजरसाहेबांनी. त्यांनीच आणखी एक मागणं केलं होतं आणि तुम्ही होकार दिलात, म्हणून जाहीर करते. यंदापासून हॅरॉल्ड होणार मेजर हॅविलंड! विल्यम होणार बोनिफेस, घोडा मेजरसाहेबांचाच. साहेब, पडताना डाव्या अंगावर पडा. उजवीकडे काटेरी झुडूप आहे, हे पिलबीमनी तुम्हाला सांगायला सांगितलं आहे. तोंडावर.

रेक्टरसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आणि बाक उचलून आणणाऱ्या सर्व सॅक्सन-नॉर्मनांचे मी मनापासून आभार मानते. बायकी जिभेने कुणाचं वय, कुणाचा जॅम, कुणाचं मौन चव्हाट्यावर आणलं असेल तर पोटात घालावं. आणि या वेळी राग आलाच, तर पत्र न पाठवता येऊन सांगावं. देव तुमचं भलं करो, मिस्टर पिलबीम. उद्या रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली की आम्ही सगळे खालच्या वाडीत जमतो. तुम्ही पुढे चाला. फाटक उघडंच आहे.