पावडरीचे बोंबील उन्हात

अंधेरीला जुहूच्या बसची रांग हलत नव्हती. कुंदाच्या पुढे एक जोडपं उभं होतं, बोलण्यावरून दोघंही एकाच प्रयोगशाळेतली.

“कोणते बोंबील कोणत्या दिवशी वाळवायचे, ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. तुम्ही ते बदललंत,” बायको म्हणाली.

“साहेब म्हणाले, हे शास्त्र आहे, सोडत नव्हे.”

“म्हणून त्यांनी शोधलेली टिकवणारी पावडर लावलेले सगळे बोंबील कडक उन्हात, आणि नुसत्या मिठाचे ढगाळ दिवसांत?”

“हळू बोल. लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. मिठाचे नासले ते ढगांमुळे, की पावडर नव्हती म्हणून? सांगा ना!”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

“तरी अहवालात पावडरच श्रेष्ठ!”

“तो साहेबांनी लिहिलाय.”

“आणि प्रयोगाची आखणी कुणाची म्हणून लिहिलंय?”

“तुझी.”

“माझी?”

“मीच सुचवलं त्यांना. म्हटलं, नाव छापून आलं की तुला बरं वाटेल, मृणालिनी.”

बस आली. “दोनच घेणार, दोनच!” कंडक्टर ओरडला. नवरा चढला आणि त्यानं मागे वळून तिच्यापुढे हात केला.

मृणालिनी बाजूला सरली आणि कुंदाला म्हणाली, “बाई, तुम्ही चढा.”