खाली ठेवलेली सुरी

मी, सुषमा योहान गावित, वय २३ वर्षे, शिक्षण बी.ए., व्यवसाय शेतमजुरी व गावातील मुलांच्या शिकवण्या, राहणार आमलीपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

भाईदास पाटील यांनी ती सुरी माझ्या वडिलांना कायमची दिली होती की कामापुरती, असे मला प्रथम विचारण्यात आले. याचे उत्तर मला देता येत नाही. भाईदास पाटील आता हयात नाहीत आणि त्या वेळी मी तेथे नव्हते. मला माहीत आहे तेवढे सांगते.

भाईदास पाटील हे लग्नांत स्वयंपाकाची कामे घेत. माझे वडील योहान गावित त्यांच्या हाताखाली भाजी चिरायला होते. सुरी जुनी, विलायती, लांब पात्याची आहे. ती भाईदास यांना नंदुरबारच्या एका म्हाताऱ्या खानसाम्याकडून मिळाली होती. गुडघे गेल्यामुळे भाईदास यांनी काम सोडले. वडील सांगतात त्याप्रमाणे, पुरुषोत्तमनगर येथील शेवटच्या लग्नात भांडी घासून झाल्यावर त्यांनी सुरी वडिलांसमोर खाली ठेवली. वडिलांनी ती उचलून पंच्यात गुंडाळली. भाईदास यांचा मुलगा धीरज, जो या प्रकरणी तक्रारदार आहे, तो तेथे हजर होता.

आमच्याकडे आणि भाईदास यांच्याकडेही सुरी, विळा किंवा मिरची कोणाच्या हातात देत नाहीत. दिल्यास दोघांत भांडण होते, असे मानतात. देणारा खाली ठेवतो, घेणारा उचलतो. मी हे मानत नाही. तरी घरात सुरी मीही खालीच ठेवते.

पुढे वडिलांना लकवा झाला. उजवा हात गेला, काम बंद झाले. सुरी माळ्यावर पडून गंजली, मूठ कुजली. गेल्या उन्हाळ्यात मी ती खाली काढली. रॉकेलमध्ये भिजवून, बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवला. पात्यावरची इंग्रजी अक्षरे पुसट आहेत, ती घासली नाहीत. जुन्या मुठीचे खिळे वेल्डिंगच्या दुकानात काढून घेतले. वडिलांना ओल्या मातीचा गोळा डाव्या हातात दाबायला सांगितला आणि त्या पकडीप्रमाणे नवी मूठ कोरली. लाकूड आमच्याच पेरणीच्या मोडक्या पाभरीचे आहे, जंगलातले नाही. पितळी खिळे ठोकून मुठीला जवसाचे तेल पाजले.

वडिलांना पहिला कांदा चिरायला बराच वेळ लागला. आई पारुबाई डोळे पुसत होती. कांद्यामुळे, असे ती म्हणाली. त्यानंतर गावातल्या लग्नांत वडिलांना पुन्हा बोलावणे येऊ लागले.

मी सुरीचा फोटो मोबाइलवर टाकला. तो पाहून धीरज आमच्या घरी आला. त्याचे व वडिलांचे बोलणे झाले ते असे :

"योहानकाका, हाई मन्हा बापनी सुरी शे."

"गंजेल व्हती तंवर कोनी इचारी नही."

"बाबानी खाले ठेयी, तुम्ही उचली. मी मन्हा डोयाघाई देखं."

"हां. त्यास्नी खाले ठेयी, मी उचली."

धीरजने डोळ्यांनी पाहिले तेच वडीलही सांगतात, दोघांचे म्हणणे एकच आहे. धीरजही स्वयंपाकाचीच कामे घेतो. तो खोटे बोलतो, असे मला म्हणायचे नाही. जाताना तो दारात मोठ्याने "चोर" म्हणाला. शेजारी ऐकत होते. तेव्हापासून वडिलांनी सुरीला हात लावलेला नाही.

'बक्षीस दिली' असे सांग, प्रकरण मिटेल, असे आईचे म्हणणे पडले. येथील हवालदार साहेबांनीही तसे लिहू का, असे आपुलकीने विचारले. मी नको म्हणाले. जे मी पाहिले नाही ते मी सांगितले, तर वडिलांनी खरे सांगूनही लोक माझ्यामुळे त्यांना खोटे ठरवतील.

काल मी सुरी घेऊन पुरुषोत्तमनगरला धीरजच्या आई वत्सलाबाई यांच्याकडे गेले. मूठ तरी काढून घे, असे आई म्हणाली होती. मी काढली नाही. वत्सलाबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होत्या. त्यांनी मूठ पाहिली व "डावा हातनी शे," असे म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढे केला. मी सुरी त्यांच्यासमोर खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "आते मी उचलसू, ते मीबी चोर का वं पोर?" मी निघाले तेव्हा सुरी ओट्यावरच होती.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'सुरी वत्सलाबाई यांच्या हातात परत दिली' असे लिहिले होते. ते खोडून 'त्यांच्यासमोर खाली ठेवली' असे करून घेतले व खोडल्या जागी सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.