तांब्यातली चिठ्ठी

वडवणीच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या.

"सोसायटीच्या टँकरवर पहिल्या नंबराची चिठ्ठी आज बी माझ्या जावेचीच निघाली. काल बी तिचीच. आमी मागून गाळ भरायचा!"

"चिठ्ठ्या किती, काकू?"

"चार घरं, तांब्यात चार चिठ्ठ्या."

"लागोपाठ दोनदा तिचीच म्हंजी सोळात एकदा. होतं की."

"मग उद्या तरी तिची न्हाई निघणार!"

"तसं कसं? चिठ्ठी परत तांब्यात टाकता ना? तांब्याला कालचं काय आठवतं? उद्या बी चारात एक."

"लबाडी हाय गं. भरली घागर घेऊन मुद्दाम माझ्याच दारावरनं जाती."

"चिठ्ठी काढतं कोण?"

"मीच काढते. दुसऱ्या कुणावर माझा इस्वास न्हाई."