शर्टाचा तुकडा

हरणांच्या शिकारीचा मोसम उद्या सुरू होणार होता. नातवासाठी थर्टी-ऑट-सिक्स या दणकट रायफलीच्या काडतुसांचा डबा घेऊन डेल्मर बंदुकीच्या दुकानात रांगेत उभा होता. पुढे एक बाप आणि त्याची बारा वर्षांची लेक.

“पोरीला टू-फॉर्टी-थ्री रायफल घे. धक्का कमी, आणि हरणाला पुरते,” म्हातारा दुकानदार म्हणाला.

“छे! आमच्याकडे सगळे थर्टी-ऑट-सिक्सच चालवतात,” बाप म्हणाला.

“तिच्या धक्क्याला घाबरून मी डोळेच मिटते, आजोबा. गेल्या वर्षी नेम चुकला, तर बाबानं सगळ्यांसमोर माझा शर्ट कापला. तुकडा शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीला ठोकला.”

“नेम चुकला की शर्ट कापायचा, रीतच आहे ती!”

“वेंडेल, तू हिच्याएवढा होतास तेव्हा पहिलं हरीण माझ्या टू-फॉर्टी-थ्रीनंच मारलंस ना रे?” दुकानदारानं बापाला विचारलं.

लेक वेंडेलकडे वळली.

“बाबा?”

डेल्मरनं काडतुसांचा डबा गुपचूप परत फळीवर ठेवून दिला. त्याच्या कॅम्पच्या भिंतीवर नातवाच्या शर्टाचे दोन तुकडे होते.