दुप्पट थेंब

सालामिना गावच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्यापुढे रुबिएल आणि त्याची थोरली बहीण ओफेलमिना. त्यांच्या आईला आताशा पोटची पोरंही ओळखू येत नाहीत, हे सगळ्या रांगेला कळून चुकलं होतं.

"गुंगीचे थेंब दुप्पट लिहून आणलेस? अरे, आधीच तिची मान वर होत नाही, लाळ गळतेय!"

"ताई, ती मारते. हा गाल बघ, कसा ओरबाडलाय."

"कधी मारते?"

"अंघोळीला. रोज तेव्हाच."

"अंघोळ कोण घालतं?"

"मीच. बायको कॉफीच्या तोडणीला जाते ना."

"आणि परकर?"

"कसला परकर? सगळं काढतो. नाहीतर साबण कसा लावू?"

"अरे देवा! रुबिएल, नदीवर असो की नळाखाली, आईनं जन्मात परकराशिवाय अंघोळ केली नाही. आपल्या बापानंही तिला कधी तशी बघितली नाही. आणि तू तिला मुलगा वाटतोस? मिशीवाला परका बाप्या वाटतोस!"

"मला काय माहीत? मला कुणी सांगितलं?"

"तू विचारलंस? डॉक्टरला तरी सांगितलंस, कधी मारते ते?"

"त्यांनी विचारलं, मारते का. मी म्हटलं, मारते."

खिडकीतल्या बाईनं हात पुढे केला. "चिठ्ठी द्या."

"थांबा बाई. परक्या पुरुषानं तुमचा परकर ओढला, तर काय कराल?"

"थोबाड फोडीन!"

"ऐकलंस, रुबिएल? पाज आता यांनाही थेंब."